दवबिंदू आणि दुःख : इस्साच्या हायकूतील निसर्ग

हायकू हा जपानी काव्यप्रकार मराठी वाचकाला आता परका राहिलेला नाही. शिरीष पै यांनी तो मराठीत रुजवला. तीन ओळींची निसर्गकविता, अशी त्याची ओळख आपल्याकडे करून दिली जाते. ही ओळख चुकीची नाही, मात्र अपुरी आहे. हायकूतील निसर्ग सजावटीसाठी नसतो. जे दुःख थेट उच्चारता येत नाही, ते वाहून नेण्याचे काम तो करतो. हे कसे घडते, ते कोबायाशी इस्सा (१७६३-१८२८) या कवीच्या आधारे समजून घेऊ.

प्रथम रचनेविषयी. जपानी हायकूत पाच, सात व पाच असे एकूण १७ ध्वनिघटक असतात. परंपरेने त्यात आणखी दोन गोष्टी अपेक्षित असतात. पहिली 'किगो', म्हणजे ऋतुसूचक शब्द. बेडूक म्हटले की वसंत, चंद्र किंवा दव म्हटले की शरद, असे संकेत तेथे पिढ्यान्‌पिढ्या रूढ आहेत आणि त्यांचे कोशही आहेत. त्यामुळे एका शब्दाबरोबर त्या ऋतूच्या साऱ्या आठवणी वाचकाच्या मनात जाग्या होतात. दुसरी गोष्ट 'किरेजी', म्हणजे विराम घडवणारा शब्द. या विरामामुळे दोन प्रतिमा शेजारी शेजारी उभ्या राहतात. त्यांचे नाते कवी सांगत नाही. ते वाचकाने जोडायचे असते. म्हणूनच 'मी दुःखी आहे' असे म्हणण्याची हायकूला गरज पडत नाही.

इस्साच्या वाट्याला मात्र दुःख उदंड आले. आजच्या नागानो प्रांतातील काशिवाबारा या गावी, शेतकरी कुटुंबात त्याचा जन्म झाला. वयाच्या तिसऱ्या वर्षी आई गेली. सावत्र आईशी पटेना, म्हणून १७७७ साली, चौदाव्या वर्षी, वडिलांनी त्याला एदोला, म्हणजे आजच्या टोकियोला धाडले. १८०१ मध्ये वडील वारले आणि वारशाचा तंटा बारा वर्षे चालला. पन्नाशी ओलांडल्यावर त्याने किकू हिच्याशी लग्न केले. तिला झालेली चारही मुले अगदी लहानपणीच दगावली आणि १८२३ मध्ये तीही गेली.

या मुलांपैकी सातो ही मुलगी १८१९ मध्ये देवीच्या रोगाने मरण पावली. त्या वर्षाची हकीकत इस्साने 'ओरागा हारू' या गद्य-पद्यमिश्रित ग्रंथात लिहिली आहे. मुलीच्या मृत्यूनंतरच्या त्यातील प्रसिद्ध हायकूत तिचे नाव नाही, रोगाचा उल्लेख नाही, अश्रूही नाहीत. आहे ते फक्त दव. हे जग दवासारखे क्षणिक आहे, हे कवी मान्य करतो. परंतु मान्य करूनही त्याचे मन अडखळते आणि कविता त्या अडखळण्यावरच थांबते.

इस्सा जपानमधील शुद्धभूमी परंपरेचा बौद्ध होता. अनित्यता त्याला ठाऊक होती, पण ठाऊक असल्याने बापाचे काळीज दगड झाले नाही. किसा गोतमीची कथा येथे आठवते. मृत बाळ कवटाळून आलेल्या त्या मातेला तथागतांनी 'रडू नकोस' असा उपदेश केला नाही. ज्या घरी कोणी मेले नाही, अशा घरातून मोहरी आणायला सांगितले. दारोदार फिरताना इतरांचे दुःख तिला दिसले आणि स्वतःचे उमगले. इस्साचा दवबिंदूही वाचकाला असाच घरोघर नेतो. मूल गमावलेल्या कोणत्याही आईबापाला तो आपला वाटतो, कारण त्यावर कोणाचेही नाव कोरलेले नाही.

हेच दुःख इस्साला इतर जीवांकडे घेऊन गेले. चिमण्या, बेडूक, गोगलगाय, इतकेच काय पिसू आणि माशीदेखील त्याच्या हायकूंत येते. सुमारे २०,००० हायकूंच्या या पसाऱ्यात क्षुद्र मानलेल्या जीवांना तो सोबत्यासारखा हाक मारतो. करुणा हा शब्द न वापरता ती प्रत्यक्ष दाखवण्याची ही रीत आहे.

शाळेत मुलांकडून हायकू लिहून घेताना आपण बहुधा अक्षरे मोजायला लावतो. त्याआधी एखादे पान, एखादी मुंगी थोडा वेळ शांतपणे पाहायला सांगावे. घरापासून दूर राहणाऱ्या मुलाला जे पत्रात लिहिता येत नाही, ते कदाचित त्या मुंगीविषयी लिहिताना सापडेल.