तेराशे ऐंशी ग्रॅमचं विमान

लाकडी विमानाचं किट पहिल्यांदा उघडणाऱ्याची थोडी निराशाच होते. खोक्यावर आकाशात झेपावणाऱ्या विमानाचा फोटो असतो आणि आत निघतात पापडासारख्या पातळ फळ्यांचे गठ्ठे, थोड्या काड्या, वाकवलेली तार, इवल्याशा बिजागऱ्यांची पुडी आणि चादरीएवढा घडी घातलेला नकाशा. माझ्या नऊ वर्षांच्या लेकीनं खोक्यात वाकून विचारलं, "पण यात विमान कुठाय?" प्रश्न रास्त होता. विमान पुढच्या पाच महिन्यांत होतं.

हे 'डिजिटल डिटॉक्स' वगैरे नव्हतं, आधीच सांगतो. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि मला माझं काम आवडतं. किट आणण्यामागचा खरा हेतू मी घरात बोललो नव्हतो. बाबा मकरपुऱ्याच्या एका फाउंड्रीत चौतीस वर्षं पॅटर्नमेकर होते. लोखंड ओतण्यासाठी वाळूत जो साचा उठवतात, त्याची लाकडी प्रतिकृती करणारा माणूस म्हणजे पॅटर्नमेकर. ओतीव लोखंड थंड होताना फुटामागे साधारण एक अष्टमांश इंच आक्रसतं, म्हणून या लोकांची पट्टीसुद्धा वेगळी असते, मुद्दाम तेवढी लांब आखलेली. निवृत्तीनंतरही बाबांचं घरात काही ना काही चालायचं. मग हात थरथरायला लागला. डॉक्टर म्हणाले, हा कंप आहे, घाबरण्यासारखं काही नाही, पण बारीक काम जमणार नाही. त्या आठवड्यात बाबांनी पटाश्या तेल लावून कापडात गुंडाळल्या आणि ट्रंकेत ठेवल्या. त्यावर ते एक अक्षर बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

किटमधली एक फळी त्यांनी तळहातावर ठेवली, वरखाली करून पाहिली आणि म्हणाले, "हे लाकूड आहे की ज्वारीच्या लाह्या?"

ते बाल्सा होतं. दक्षिण अमेरिकेतलं झाड. जगातला बहुतेक बाल्सा इक्वेडोरमधून येतो. स्पॅनिशमध्ये बाल्सा म्हणजे तराफा, आणि १९४७ साली थोर हेयरडाल पेरूहून पॉलिनेशियाला गेला तो कॉन-टिकी तराफा याच ओंडक्यांचा होता. झाड झपाट्यानं वाढतं आणि सहा-आठ वर्षांत तोडायला येतं. गंमत म्हणजे वनस्पतिशास्त्राच्या हिशेबानं हे 'हार्डवुड' आहे, नखानं खूण पडत असली तरी. घनता सरासरी घनमीटरला १६० किलोच्या आसपास. सागवानाची साडेसहाशेच्या घरात. दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिशांचं मॉस्किटो हे विमान बर्च प्लायच्या दोन पातळ थरांमध्ये बाल्सा भरून बनवलेलं होतं. म्हणजे हे फक्त खेळण्याचं लाकूड नाही.

पण सगळा बाल्सा सारखा नसतो. एकाच मापाच्या दोन फळ्यांत वजनाचा दुपटीचा फरक निघू शकतो. शिवाय ओंडका कोणत्या दिशेनं कापला आहे यावर स्वभाव ठरतो. एका प्रकारे कापलेली फळी लवचीक असते, विंगच्या पुढच्या गोलाईवर सहज वळते. दुसऱ्या प्रकारे कापलेल्या फळीवर बारीक ठिपक्यांची चमक असते आणि ती ताठ राहते, वाकवायला गेलं तर मोडते, ती रिबसाठी. मी हे वाचून शिकलो होतो. बाबांनी फळ्या डोळे मिटून अंगठा फिरवत दोन ढिगांत वेगळ्या केल्या आणि मग मला कारण विचारलं. कारण ऐकल्यावर "हां, मग बरोबर" म्हणाले. कामाची वाटणी तिथेच झाली. ब्लेड मी धरायचं, लाकूड त्यांनी निवडायचं. स्वयंपाकघरातला वजनकाटा जप्त झाला, आणि बायकोला केकचं मैदा-साखरेचं माप वाट्यांवर आणावं लागलं.

आमचं विमान म्हणजे शिकाऊंसाठीचं, विंग वर असलेलं. विंगची लांबी दीड मीटर, रुंदी २४ सेंटिमीटर. विंगचा छेद क्लार्क-वाय जातीचा, खालून बराचसा सपाट. १९२२ सालचा हा आकार लिंडबर्गच्या स्पिरिट ऑफ सेंट लुईसलाही होता. घरी बांधणाऱ्याला त्याचा फायदा उघड आहे: सपाट बाजू सपाट फळीवर ठेवून बांधता येते. नकाशा सॉफ्टबोर्डवर पसरायचा, डिंक चिकटू नये म्हणून वर प्लॅस्टिक, त्यावर टाचण्यांनी काड्या रोवायच्या आणि रिब उभ्या करत जायचं. बोर्ड वाकडा असेल तर विंग वाकडी होते आणि पुढे कुठलाही रिमोट तिला सरळ करू शकत नाही. बाबांनी बोर्डाखाली काचेची जाड प्लेट घातली, गुण्या आणि दोरा लावून तपासली, मग परवानगी दिली.

जुलैत एक अडचण आली. रिब नकाशावरच्या रेषांवर बसेनात. पहिली बसायची, शेवटची तीन मिलिमीटर आत यायची. मी किटवाल्याला शिव्या घालायच्या तयारीत होतो. बाबांनी स्टीलची पट्टी मागवली, नकाशावर छापलेली लांबी मोजली आणि म्हणाले, "लाकूड बरोबर आहे. कागद फुगलाय." पावसाळी हवेत कागद ओल धरतो आणि वाढतो. लेझरनं कापलेल्या भागांत एकमेकांत बसणाऱ्या खाचा होत्या. त्या खाचांवर विश्वास ठेवायचा, नकाशावर नाही. चौतीस वर्षं आक्रसणाऱ्या लोखंडाचा हिशेब ठेवलेल्या माणसाला फुगणारा कागद दिसणारच.

विंगची खरी ताकद कुठे असते, हे मला इंजिनीअरिंगच्या चार वर्षांत जेवढं कळलं नव्हतं तेवढं इथे कळलं. विंगच्या लांबीभर दोन काड्या जातात, एक वर, एक खाली. विमान हवेत असताना वरची दाबली जाते, खालची ताणली जाते. दोघींच्या मध्ये बाल्साच्या छोट्या पट्ट्या चिकटवतात, रेषा उभ्या ठेवून. या पट्ट्या नसतील तर दोन्ही काड्या एकमेकींवर येऊन विंग मिटते. रेषा आडव्या ठेवल्या तर पट्टी असून नसल्यासारखी. वजन सगळ्यांचं मिळून दहा-बारा ग्रॅम. आमच्या अभ्यासक्रमात याला 'आय-बीम' म्हणायचे आणि त्याचं गणित सोडवून मी मार्कही मिळवले होते.

दोन विंग मधोमध जोडताना त्यांना वरच्या दिशेला थोडा कोन देतात, उथळ व्हीसारखा. वडोदऱ्याच्या पोरांना हे समजवावं लागत नाही. उत्तरायणात पतंगाची कमान वाऱ्यानं मागे वाकते आणि म्हणूनच पतंग डुगडुगत नाही, तेच हे. आमच्या विमानाला वळवायला फक्त मागचं सुकाणू आहे. ते फिरवलं की नाक बाजूला जातं, एक विंग पुढे येते, व्हीच्या कोनामुळे तिच्यावर हवा जास्त कोनानं येते, ती उचलली जाते आणि विमान आपोआप कलून वळतं. शिवाय विंगच्या टोकांची मागची कड तीन मिलिमीटर वर ठेवली, म्हणजे वेग कमी पडला तर आधी मधला भाग हवा सोडतो आणि टोकं शेवटपर्यंत सांभाळून घेतात. चिकटवताना मागच्या कडेखाली घातलेली ही तीन मिलिमीटरची पाचर बाबांनी काडेपेटीच्या काड्यांची केली होती.

शेपटीकडे सगळ्यात जास्त कंजूषपणा करावा लागतो. आमच्या विमानात शेपटीचं अंतर नाकाच्या अडीचपट होतं, म्हणजे मागे दहा ग्रॅम वाढले की तोल साधायला पुढे पंचवीस ग्रॅम घालायचे. म्हणून मागे फेविकॉलसुद्धा काडीनं लावायचं आणि ओघळ पुसायचा. मोटारीच्या फळीला मात्र अ‍ॅराल्डाइट, सढळ हातानं. बॅटरी पुढेमागे सरकवून तोल विंगच्या रुंदीच्या साधारण २८ टक्क्यांवर आणला. मग आडवा तोल. डावी विंग किंचित हलकी होती, तिच्या टोकात एक बारीक खिळा गेला. वरून इस्त्रीनं आक्रसणारी फिल्म लावली, थोडी वरून, थोडी खालून, कारण एका बाजूनंच ताणली तर विंग पिळवटते. बॅटरीसकट वजन भरलं १३८० ग्रॅम. हिशेबानं हे विमान ताशी २८ किलोमीटरच्या आसपास वेगालासुद्धा हवेत तरायला हवं. सायकल दामटणारा माणूस एवढा वेग गाठतो.

शेवटी दोघांनी विंगची दोन टोकं धरून आख्खं विमान उचललं. असं धरलं की मधल्या जोडावर सरळ उड्डाणाच्या साधारण दुप्पट ताण येतो. काही कुरकुरलं नाही. बाबांनी ते दिवाणखान्यातल्या कपाटावर ठेवलं, दोन पावलं मागे झाले आणि म्हणाले, "आता हे उडवायचं नाही."

मला वाटलं गंमत करताहेत. नव्हते करत. त्यांचं म्हणणं सरळ होतं: पाच महिन्यांचं काम तीन सेकंदांत मातीत जाऊ शकतं, आणि पुन्हा असं काही आपल्या हातून होईल याची खात्री नाही. 'आपल्या' म्हणाले, पण अर्थ मला कळला. मी म्हटलं, "बाबा, तुम्ही केलेला एकतरी पॅटर्न कपाटावर ठेवला होता का? सगळे वाळूत गेले." यावर ते उत्तर न देता गॅलरीत जाऊन बसले. विमान तीन आठवडे कपाटावर राहिलं. लेक रोज शाळेतून आल्यावर त्याच्याकडे बघायची आणि मग आमच्याकडे.

त्या तीन आठवड्यांत मी कॉम्प्युटरवरच्या सिम्युलेटरला रिमोट जोडून रोज रात्री सराव केला. विमान आपल्याकडे तोंड करून येतं तेव्हा डावं-उजवं उलटं होतं, तिथे बहुतेकांची गडबड होते. उपाय सोपा आहे: जी विंग खाली झुकली असेल तिच्या बाजूला काडी ढकलायची, जणू तिला टेकू देतोय. नियमही बघितले. ड्रोन नियम, २०२१ हे रिमोटच्या विमानांनाही लागू आहेत, आणि आमचं विमान २५० ग्रॅम ते दोन किलो या गटात येतं. कुठे उडवता येईल ते डिजिटल स्काय संकेतस्थळाच्या नकाशावर दिसतं. आपला हरणीचा विमानतळ शहरातच असल्यानं गच्चीवरून किंवा सोसायटीच्या मैदानातून उडवायचा विचारही करू नका. तुम्ही वाचाल तेव्हाचे नियम तिथेच एकदा पाहून घ्या.

डिसेंबरात एका रविवारी पहाटे बाबा स्वतःच स्वेटर घालून तयार होते. "चला, वारा पडलाय," एवढंच. पादऱ्याच्या पुढे ओळखीतल्यांचं शेत होतं, कापणी झालेलं. एनसीसीच्या एअर विंगमध्ये विमानं करायला शिकलेले एक काका सोबत आले. त्यांचा आणि माझा रिमोट जोडलेला होता. त्यांनी एक बटण सोडलं की ताबा त्यांच्याकडे जाणार. आधी रिमोट चालू, मग विमानाची बॅटरी. तीस पावलं लांब जाऊन सिग्नल तपासला. विमान वीसेक फूट धावलं आणि चाकांचा आवाज बंद झाला.

पहिलं उड्डाण सहा मिनिटांचं. नाक जरा वर जात होतं, काकांनी चार टिचक्या खाली ट्रिम दिली. वर नेऊन मोटार मंद केली तेव्हा विमानानं नाक झुकवलं, दोन्ही विंग सरळ ठेवून, आणि पुन्हा वेग घेतला. काड्यांच्या पाचरीचं काम होतं ते. मी बाबांकडे बघू शकत नव्हतो, नजर हटवायची नसते. लेकीनं नंतर सांगितलं की आजोबा पूर्ण वेळ उभे होते आणि त्यांनी दोन्ही हात पाठीमागे धरले होते.

दुसऱ्या वेळी उतरताना आडवा वारा आला. जमिनीपासून हातभर वर असताना डावी विंग खाली दाबली गेली आणि तुरीच्या एका खुंटाला लागली. आवाज छोटासाच, सुकी काडी मोडल्यासारखा.

बाबा माझ्या आधी पोचले. फिल्म हातभर फाटली होती, टोकाकडच्या दोन रिब गेल्या होत्या, मागची कड तुटली होती. ते गुडघ्यावर बसले, फाटलेल्या जागेतून बोट आत घातलं आणि बराच वेळ चाचपत राहिले. मग मला बोलावून दाखवलं. "हे बघ. जोड एकही सुटला नाही. जोडाच्या शेजारी लाकूड तुटलंय." जोड लाकडापेक्षा पक्का ठरला, असा त्याचा अर्थ. फाउंड्रीत नव्या मुलांचं काम ते याच कसोटीवर तपासायचे, हे मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

दुरुस्तीला दोन संध्याकाळी लागल्या. रिब कापायला नकाशा पुन्हा पसरला. डिसेंबरच्या कोरड्या हवेत तो मूळ मापावर आला होता. बाबांनी ट्रंकेतून एक पटाशी काढून दिली, ब्लेडपेक्षा खाच नीट येईल म्हणून, आणि मी ती कशी धरतो यावर बरंच बोलले. डाव्या विंगचं वजन सहा ग्रॅमनं वाढलं. त्यामुळे तिच्या टोकातला खिळा काढून टाकला, आणि तरीही काटा बसेना तेव्हा एक छोटा खिळा उजव्या टोकात घातला.