अर्जापुरतं वर्डपॅड

विंडोज ११ ची '२४एच२' ही आवृत्ती ऑक्टोबर २०२४ पासून लोकांच्या संगणकांवर येऊ लागली. ती बसल्यावर स्टार्ट मेनूत वर्डपॅड हे लिखाणाचं छोटं सॉफ्टवेअर शोधायला गेलात, तर मिळत नाही. ते पूर्णपणे काढून टाकलेलं आहे आणि अधिकृतपणे परत बसवण्याची सोयही ठेवलेली नाही. याची कल्पना मायक्रोसॉफ्टने वर्षभर आधी, १ सप्टेंबर २०२३ रोजी दिली होती. वर्डपॅडमध्ये यापुढे सुधारणा होणार नाहीत, पुढच्या एखाद्या आवृत्तीतून ते जाईल. ठळक-तिरप्या अक्षरांचा मजकूर असेल तर वर्ड वापरा, साधा असेल तर नोटपॅड. एवढीच ती सूचना होती.

जवळजवळ तीस वर्षं जगभरच्या कोट्यवधी संगणकांवर असलेली वस्तू अशी दोन ओळींत निकालात निघाली आणि फारशी ओरडही झाली नाही. माझ्या मते ती व्हायला हवी होती. वर्डपॅडला पर्याय आहेत, आणि त्यांच्याकडे येतोच. पण वर्डपॅडबरोबर एक पद्धत मोडीत निघाली आहे. संगणक विकत घेतला की त्यावर वेगळं काही न घेता, कुठे नाव न नोंदवता, इंटरनेट नसतानाही एक नीटनेटकं पत्र लिहून छापता यायचं. विंडोजवर ही सोय १९८५ पासून होती.

१९८५ हे साल मुद्दाम सांगतो. त्या वर्षी नोव्हेंबरात विंडोजची पहिली आवृत्ती आली, तेव्हा तिच्यासोबत 'राइट' नावाचा छोटा प्रोग्रॅम होता. विंडोजसाठीचं वर्ड तेव्हा जन्मालाही आलेलं नव्हतं, ते १९८९ मध्ये आलं. विंडोज ९५ मध्ये राइटची जागा वर्डपॅडने घेतली, तरी राइटचं नाव पुसलं गेलं नाही. 'रन'च्या चौकटीत 'राइट' टाइप करून एंटर दाबलं की वर्डपॅड उघडायचं, कारण त्या नावाची एक चिमुकली फाइल विंडोजमध्ये तशीच ठेवली होती आणि तिचं काम फक्त वर्डपॅडला हाक मारणं एवढंच होतं. २४एच२ मध्ये वर्डपॅडसोबत तीही गेली.

वर्डपॅडमध्ये होतं तरी काय? आपला नेहमीचा अर्ज डोळ्यांसमोर आणा. दिनांक उजवीकडे. डावीकडे 'प्रति', त्याखाली पदनाम आणि कार्यालय. मग 'विषय' मधोमध, ठळक आणि खाली रेघ मारलेला. 'महोदय' नंतर दोन परिच्छेद, पहिली ओळ थोडी आत. शेवटी 'आपला विश्वासू' पुन्हा उजव्या बाजूला, सहीपुरती जागा सोडून. या अर्जाला जे जे लागतं ते सगळं वर्डपॅडच्या एका पट्टीत होतं: डावी-मधली-उजवी मांडणी, ठळक, अधोरेखित, अक्षरांचा लहानमोठा आकार, वर समासाची मोजपट्टी. तळटिपा नव्हत्या, शुद्धलेखन तपासणी नव्हती, तक्ता आखायची सोय नव्हती. अर्जाला त्यातलं काही लागत नाही. विंडोज ७ मध्ये त्याला वर्डसारखी रिबन मिळाली, पेंटमधलं चित्र थेट पानावर आणायचं बटण आलं, शिवाय वर्डच्या नव्या फाइल आणि ओपन ऑफिसच्या फाइलही ते उघडू लागलं. त्यानंतर मात्र त्याच्याकडे कुणी फारसं लक्ष दिलं नाही.

घरोघरी असेंबल केलेले पीसी येत होते, त्या काळात वर्ड हे नंतर 'टाकून' घ्यायचं सॉफ्टवेअर होतं. ते टाकलं जाईपर्यंत, किंवा विंडोज नव्याने बसवल्यावर ते उडालेलं असताना, हाताशी असायचं ते वर्डपॅड. बायोडेटा, सोसायटीची नोटीस, वर्गणीचं आवाहन अशा कामांना ते पुरायचं. संगणक जुना असला तरी क्षणात उघडायचं.

नोटपॅडची उणीवही तेच भरून काढायचं. विंडोज ९५ आणि ९८ मधल्या नोटपॅडला ६४ केबीच्या वरची फाइल झेपत नसे. तशी फाइल उघडायला गेलं की विंडोज स्वतःच विचारायचं, वर्डपॅडमध्ये उघडू का? युनिक्स-लिनक्सवरून आलेल्या फाइलींची अडचण वेगळी होती. तिथे ओळ संपल्याची खूण निराळी असते आणि नोटपॅडला ती कळत नसे, त्यामुळे सगळा मजकूर एका लांबलचक ओळीत चिकटून दिसायचा. वर्डपॅड तो सरळ दाखवायचं. नोटपॅडला ही खूण कळायला २०१८ साल उजाडावं लागलं. प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्यांना तर वर्डपॅडचा आणखी एक उपयोग होता. मायक्रोसॉफ्टने व्हिज्युअल सी प्लस प्लससोबत त्याचा मूळ कोडच नमुना म्हणून दिला होता.

मराठी माणसाच्या दृष्टीने यातली मोलाची गोष्ट आहे ती वर्डपॅडची फाइल. ती 'आरटीएफ' या प्रकारात साठवली जायची. हा प्रकार मायक्रोसॉफ्टने १९८७ मध्ये आणला. आरटीएफ फाइल नोटपॅडमध्ये उघडून पाहिली तर आतलं सगळं उघडं दिसतं. सुरुवातीला महिरपी कंस, मग ही आरटीएफ फाइल आहे असं सांगणारी खूण, मग फाइलीत वापरलेल्या फॉन्टची नावानिशी यादी, आणि त्यानंतर मजकूर. जिथे ठळक अक्षरं सुरू होतात तिथे उलटी तिरकी रेघ आणि 'बी', जिथे संपतात तिथे 'बी'पुढे शून्य. माणसाला वाचता येईल असा हा साठा आहे.

त्यातली फॉन्टची यादी मराठीला किती उपयोगी पडली, हे कळायला युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या, आधीचा काळ आठवायला हवा. देवनागरीचा आधार विंडोज २००० मध्ये आला, 'मंगल' हा फॉन्टही त्याच्यासोबतच आला. एक्सपीवर तो आधार सीडी घालून वेगळा बसवावा लागे. त्याआधी आणि नंतरही बरीच वर्षं मराठी टाइप व्हायची ती सी-डॅकच्या सुरेख, योगेश या फॉन्टमध्ये, श्री-लिपीत नाहीतर आकृतीत. या फॉन्टची युक्ती अशी होती की संगणकाच्या लेखी ती इंग्रजीचीच अक्षरं आणि चिन्हं होती. फॉन्ट फक्त त्यांच्या जागी देवनागरीचे तुकडे दाखवायचा. अर्धं अक्षर एका कळीवर, काना दुसऱ्या कळीवर. त्यामुळे फॉन्ट बदलला की 'महाराष्ट्र'च्या जागी निरर्थक इंग्रजी अक्षरं उमटायची. फाइल दुसऱ्याकडे न्यायची तर फ्लॉपीवर फाइलीसोबत फॉन्टही न्यावा लागे.

नोटपॅडमध्ये एका वेळी एकच फॉन्ट, तोही सगळ्या खिडकीला, आणि तो फाइलीत साठवला जात नाही. म्हणजे मराठी पत्रात ईमेलचा पत्ता घालायचा झाला तर तो देवनागरी तुकड्यांच्या गिचमिडीत हरवायचा. वर्डपॅडमध्ये त्या एका ओळीला एरियल लावलं की झालं. आरटीएफ फाइल अक्षरागणिक लक्षात ठेवते की हा तुकडा सुरेखचा, हा एरियलचा. वर्ड नसलेल्या संगणकावर मराठी-इंग्रजी मिसळलेलं पत्र लिहिण्याचा तो सर्वांत सोपा मार्ग होता.

युनिकोड आल्यावरही आरटीएफने आपल्याला सांभाळलं. नोटपॅड बराच काळ फाइल 'एएनएसआय' या जुन्या, देवनागरीला जागा नसलेल्या पद्धतीने साठवायचं. मराठी मजकूर टाइप करून सेव्ह केलं की ते एक सावधगिरीची सूचना दाखवायचं, घाईत आपण ओके दाबायचो आणि पुढच्या वेळी फाइल उघडली की देवनागरीच्या जागी नुसत्या प्रश्नचिन्हांच्या रांगा. गेलेला मजकूर परत मिळवायचा काही उपाय नव्हता. नोटपॅडची ही मूळ निवड २०१९ मध्ये बदलली. वर्डपॅडच्या नेहमीच्या आरटीएफ फाइलीत हा धोका नव्हता, कारण आरटीएफ प्रत्येक देवनागरी चिन्ह त्याच्या युनिकोड क्रमांकाने लिहून ठेवतं. 'मराठी' लिहिलं तर फाइलीत २३५०, २३५२, २३६६, २३३६, २३६८ असे पाच आकडे जातात: म, र, काना, ठ, दीर्घ वेलांटी. आकडे साध्या इंग्रजी फाइलीतही टिकतात, म्हणून मराठीही टिकली.

मग हे काढलं का? मायक्रोसॉफ्टने कारण दिलेलं नाही, पण काही गोष्टी समोर दिसतात. आरटीएफच्या नियमांची शेवटची आवृत्ती मार्च २००८ ची आहे. त्यानंतर हा प्रकार गोठलेलाच आहे. तो वाचणाऱ्या जुन्या कोडमध्ये सुरक्षेच्या फटीही सापडत गेल्या. एप्रिल २०१७ मध्ये ऑफिस आणि वर्डपॅड दोघांनाही लागू असलेली एक गंभीर फट बुजवावी लागली, नुसती फाइल उघडायला लावून हल्लेखोर संगणकावर आपला प्रोग्रॅम चालवू शकत होता. निवृत्तीच्या घोषणेनंतर दीड महिन्याच्या आतच, ऑक्टोबर २०२३ मध्ये, वर्डपॅडमधलीच आणखी एक फट दुरुस्त झाली आणि तिचा गैरवापर तोवर सुरू झालेला होता. सांभाळायचं तर माणसं आणि पैसा लागतो, आणि वर्डपॅडमधून उत्पन्न शून्य. ही अडचण खरी आहे, ती मी नाकारत नाही.

पण पेंटचं काय झालं ते आठवा. जुलै २०१७ मध्ये पेंटचं नाव अशाच निवृत्तीच्या यादीत आलं, लोक हळहळले, आणि लगेचच मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं की पेंट स्टोअरवर मोफत मिळत राहील. आज पेंट जिवंत आहे आणि त्यात नव्या सोयीही आल्या आहेत. वर्डपॅडला तेवढी वाट ठेवता आली असती. २०२० पासून ते विंडोज १० मध्ये ऐच्छिक घटक होतंच, हवं तर ठेवा, नको तर काढा. तो पर्याय चालू ठेवायला हवा होता.

त्याऐवजी नोटपॅडच वाढवलं जातंय. २०२४ मध्ये त्यात शुद्धलेखन तपासणी आली, २०२५ मध्ये ठळक, तिरपी अक्षरं आणि शीर्षकं आली, एआयकडून मजकूर बदलून घ्यायचीही सोय आली. ज्यांना नोटपॅड साधंच हवं होतं ते यावर नाराज आहेत, आणि त्यांचं बरोबर आहे. अर्ज लिहिणाऱ्याचं कामही त्यातून भागत नाही. दिनांक उजवीकडे न्यायचा तर स्पेसबार दाबत बसावं लागतं.

वर्ड सुचवणं मोठ्या कार्यालयाला ठीक आहे. वर्षातून चार पत्रं लिहिणाऱ्याने त्यासाठी वर्गणी भरायची, किंवा एकदम मोठी रक्कम मोजायची, हे पटत नाही. वर्डची मोफत आवृत्ती ब्राउझरमध्ये चालते, पण त्याला मायक्रोसॉफ्टचं खातं आणि इंटरनेट दोन्ही हवं. तालुक्याच्या गावी दुपारी नेट गेलं की अर्ज तिथेच थांबला. ॲपलच्या मॅकवर टेक्स्टएडिट अजून सोबत मिळतं आणि ते आरटीएफही लिहितं; म्हणजे अशी साधी वस्तू संगणकासोबत देणं आजही अशक्य नाही.

विंडोजवाल्यांना माझा सल्ला लिबर ऑफिसचा. मोफत आहे, इंटरनेटशिवाय चालतं, खातं मागत नाही, मराठी युनिकोड आणि आरटीएफ दोन्ही नीट हाताळतं. डाउनलोड काही शे एमबींचं आहे आणि उघडायला वर्डपॅडपेक्षा वेळ लागतो. शाळेच्या संगणक कक्षात किंवा ग्रामपंचायतीत ते एकदा पेन ड्राइव्हवरून सगळीकडे बसवून ठेवावं. विंडोज १० वर वर्डपॅड अजून आहे, पण त्या विंडोजचा नेहमीचा आधारच १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. अनोळखी माणसाकडून आलेली आरटीएफ फाइल तिथे उघडू नये.

जुन्या फाइलींचं काम मात्र आताच हाती घ्यावं. कपाटातल्या सीडीवर, जुन्या हार्ड डिस्कवर आपल्या संस्थेच्या स्मरणिका, वडिलांची पत्रं, इतिवृत्तं आरटीएफमध्ये असतील, आणि उघडल्यावर नुसती इंग्रजी अक्षरांची गिचमीड दिसत असेल, तर टाकून देऊ नका. फाइलीची एक प्रत करा आणि ती प्रत नोटपॅडमध्ये उघडा. अगदी वरच्या ओळींत फॉन्टची यादी दिसेल. 'डीव्ही-टीटी'ने सुरू होणारं नाव असेल तर मजकूर सी-डॅकच्या फॉन्टमधला, 'श्री-देव' असेल तर श्री-लिपीतला. तो फॉन्ट तुमच्या संगणकावर नसला तरी नाव तिथे लिहिलेलं असतंच. नाव कळलं की त्या फॉन्टचा युनिकोड परिवर्तक शोधायचा, मूळ फाइल लिबर ऑफिसमध्ये उघडून मजकूर त्या परिवर्तकातून काढायचा, आणि नव्या फाइलीत साठवण्याआधी एकदा डोळ्यांखालून घालायचा. ऱ्हस्व वेलांटी आणि रफार यांच्या जागा परिवर्तनात सर्वांत जास्त चुकतात, म्हणून 'निर्मिती', 'कीर्ती', 'वर्षी' असे शब्द आधी तपासावेत. मूळ आरटीएफही सोबत जपून ठेवावी.