एका ऑलिव्हची बचत, दहा मिनिटांची धावपळ

संध्याकाळी उरलेली पालेभाजी भाजीवाली निम्म्या भावात तरी विकते. विमान कंपनीला तीही सोय नाही. विमानाचं दार बंद झालं, की रिकाम्या सीटची किंमत शून्य. शिवाय प्रतिस्पर्ध्याकडेही तीच बोइंग, तीच एअरबस आणि तेच महागडं इंधन. अलीकडच्या बऱ्या वर्षांतही जगभरातल्या विमान कंपन्यांना सगळा खर्च जाता एका प्रवाशामागे सरासरी सहा-सात डॉलरच सुटतात. म्हणून या धंद्यातल्या लढाया भलत्याच जागी होतात आणि त्यांचे किस्से एकाहून एक भन्नाट आहेत.

सॅलडपासूनच सुरुवात करू. १९८७ साली अमेरिकन एअरलाइन्सचे प्रमुख रॉबर्ट क्रँडल यांनी प्रवाशांच्या सॅलडमधलं फक्त एक ऑलिव्ह कमी करायला लावलं. वर्षाला सुमारे ४० हजार डॉलर वाचले! हे क्रँडल नाव लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहे.

वजनाचंही तसंच. २०१८ मध्ये युनायटेड एअरलाइन्सने विमानात ठेवायचं मासिक हलक्या कागदावर छापायला घेतलं. एका अंकामागे घट जेमतेम २८ ग्रॅमची, पण वर्षाकाठी वाचलेलं इंधन १ लाख ७० हजार गॅलन. युरोपातल्या रायनएअरने तर सीटमागचा खिसाच काढून टाकला. खिसा नाही म्हणजे त्यात कोंबलेला कचरा नाही, आणि तो वेचण्यात जाणारा वेळही नाही.

वेळेचा विषय निघाला, की साउथवेस्टची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. ही टेक्सासमधली छोटी कंपनी १९७१ मध्ये उडायला लागली. वर्षभरातच पैसे आटले आणि चारपैकी एक विमान विकावं लागलं. वेळापत्रक मात्र चार विमानांचं! ते तीन विमानांत बसवायचं, तर उतरलेलं विमान दहा मिनिटांत पुन्हा निघायला हवं, असा हिशेब निघाला. विमान धंद्यात मुरलेल्या कुणीही हे अशक्य म्हटलं असतं. साउथवेस्टच्या बहुतेकांना मात्र या धंद्याचा अनुभवच नव्हता, त्यामुळे ते सरळ कामाला लागले. विमान उतरायच्या आधीच हवाई सुंदऱ्या कचरा गोळा करून ठेवत. गरज पडली तर वैमानिकही सामान उचलायला हात लावत. सीटचे नंबर नव्हतेच. जो आधी चढेल तो हवं तिथे बसेल. नाइलाजातून आलेली ही चपळाई पुढे जगभरच्या स्वस्त विमानसेवांचा पाया ठरली. आपल्याकडे इंडिगोने शिडीऐवजी उताराचे रॅम्प लावले आणि २०२२ पासून काही विमानतळांवर तीन दारांतून प्रवासी उतरवायला सुरुवात केली, तीही याच मिनिटांसाठी. विमान जमिनीवर उभं असताना कमावत नाही, हे गणित टेक्सासमध्ये आणि मुंबईत सारखंच.

१९७३ मध्ये याच साउथवेस्टला चिरडण्यासाठी बलाढ्य ब्रॅनिफ विमान कंपनीने डॅलस-ह्यूस्टनचं भाडं निम्मं करून १३ डॉलरवर आणलं. साउथवेस्टचं भाडं २६. इतकं खाली उतरणं म्हणजे मरणच. मग त्यांनी प्रवाशालाच विचारलं: १३ डॉलर द्या, किंवा पूर्ण २६ द्या आणि व्हिस्कीची बाटली फुकट घरी न्या. न पिणाऱ्यांसाठी बर्फाचं भांडं. आता डॅलस-ह्यूस्टन जाणारे बहुतेक जण कामानिमित्त जाणारे, तिकिटाचे पैसे भरणार त्यांचं ऑफिस आणि बाटली जाणार स्वतःच्या घरी. बहुतेकांनी २६ डॉलर मोजले. त्याच वर्षी साउथवेस्टने पहिल्यांदा नफा पाहिला. ग्राहक कोण आणि पैसे कुणाच्या खिशातून येतात, यातला फरक इतक्या झटकन ओळखणारी दुसरी खेळी मला तरी माहीत नाही.

ब्रॅनिफची पुढची गोष्टही रंजक आहे. फेब्रुवारी १९८२. भाडेयुद्धाने ब्रॅनिफ आणि अमेरिकन दोघेही बेजार. आपले ऑलिव्हवाले क्रँडल यांनी ब्रॅनिफचे प्रमुख हॉवर्ड पटनम यांना फोन लावला आणि सरळ सुचवलं: तुम्ही भाडं २० टक्के वाढवा, दुसऱ्या दिवशी सकाळी मीही वाढवतो. पटनम यांनी दराबद्दल आपण बोलू शकत नाही, असं बजावलं. त्यांनी संभाषण ध्वनिमुद्रित केलं होतं आणि ती टेप अमेरिकेच्या न्याय खात्याकडे गेली. खटला तडजोडीने मिटला. दुसऱ्या विमान कंपन्यांच्या अधिकाऱ्यांशी होणाऱ्या बोलण्याची दोन वर्षं नोंद ठेवणं क्रँडल यांना भाग पडलं. तोवर ब्रॅनिफ मे १९८२ मध्येच बंद पडली होती.

क्रँडल यांचं खरं शस्त्र मात्र फोन नव्हता, कॉम्प्युटर होता. अमेरिकन एअरलाइन्सची सेबर ही आरक्षण यंत्रणा हजारो ट्रॅव्हल एजंटांच्या टेबलावर होती. तिच्या स्क्रीनवर सगळ्या कंपन्यांची विमानं दिसत, पण स्वतःची वरच्या ओळीत. एजंट घाईत, खालच्या ओळींपर्यंत जातो कोण! १९८४ मध्ये सरकारी नियमाने हा पक्षपात बंद झाला. पण दुसरा डाव तयार होता. पीपल एक्स्प्रेस ही स्वस्त कंपनी जोरात होती. जानेवारी १९८५ मध्ये अमेरिकनने तिच्या तोडीस तोड स्वस्त तिकिटं काढली, पण मोजक्याच सीटवर आणि आठवडे आधी बुकिंग करणाऱ्यांनाच. कोणत्या विमानात अशा किती सीट सोडायच्या, ते कॉम्प्युटर ठरवी. ऐनवेळी येणारा व्यापारी पूर्ण भाडं देतच राहिला. पुढच्याच वर्षी पीपल एक्स्प्रेस विकायला निघाली. दिवाळीत पुणे-दिल्लीचं तिकीट सकाळी एका भावात आणि रात्री दुसऱ्याच भावात दिसतं, त्याचं मूळ इथे आहे.

माइल्स, म्हणजे केलेल्या प्रवासाचे गुण, हेही त्याच घरातून पसरले. अमेरिकनने १ मे १९८१ रोजी नेहमीच्या प्रवाशांसाठी बक्षीस योजना आणली; काही दिवसांतच युनायटेडने आपली आणली. पुढे बँका क्रेडिट कार्डवाल्यांना वाटण्यासाठी हे माइल्स कंपन्यांकडून रोख विकत घेऊ लागल्या. कोविडच्या काळात, २०२० मध्ये, युनायटेडने ही योजनाच तारण ठेवून ६.८ अब्ज डॉलर उभे केले. योजनेची किंमत लावली गेली सुमारे २२ अब्ज. विमानं, कर्मचारी, मार्ग धरून अख्ख्या कंपनीचं शेअर बाजारातलं मोल तेव्हा याहून कमी होतं!

आणखी एक मौल्यवान वस्तू: उतरण्या-उडण्याची ठरलेली वेळ, म्हणजे स्लॉट. लंडनच्या हीथ्रोवर पहाटेच्या स्लॉटच्या एका जोडीसाठी ओमान एअरने २०१६ मध्ये साडेसात कोटी डॉलर मोजल्याची बातमी गाजली. स्लॉट ८० टक्के तरी वापरला नाही, तर हातचा जातो. म्हणून प्रसंगी जवळपास रिकामी विमानंही उडवली जातात. मुंबईत सांताक्रूझच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकदम वापरता येत नाहीत. एप्रिल २०१९ मध्ये जेट एअरवेज थांबली, तेव्हा तिचे इथले स्लॉट मिळवायला बाकीच्या कंपन्या सरसावल्या, त्या याच टंचाईमुळे.

शेवटचा किस्सा माझा लाडका. साउथवेस्टने नवी जाहिरात काढली, पण तिच्यातल्यासारखंच घोषवाक्य स्टीव्हन्स एव्हिएशन ही कंपनी आधीच वापरत होती. कोर्टकचेरी ठरलेलीच. त्याऐवजी मार्च १९९२ मध्ये दोन्ही कंपन्यांचे प्रमुख डॅलसच्या जुन्या कुस्तीच्या आखाड्यात पंजा लढवायला उतरले. दोन्हीकडचे कर्मचारी आरोळ्या ठोकताहेत आणि साउथवेस्टचे साठी ओलांडलेले हर्ब केलेहर तोंडात सिगारेट धरून रिंगणात येताहेत, असा तो थाट. केलेहर हरले. जिंकलेल्या कर्ट हरवाल्ड यांनी लगेच साउथवेस्टलाही घोषवाक्य वापरायची मुभा दिली, आणि पैजेचे पैसे गेले दानधर्माला.