भर उन्हाळ्यात रटरटतं सूप

जुलैच्या मध्यावर सोलच्या ग्योंगबोकगुंग राजवाड्याजवळ टळटळीत दुपारी माणसं रांगेत उभी दिसली, तर ती राजवाडा बघायला आलीत असं समजू नये. बहुधा ती ‘तोसोकचोन’ची रांग असते. जुन्या धाटणीच्या कौलारू, लाकडी घरांतली ही खानावळ १९८३ पासून सुरू आहे, आणि बहुतेक गिऱ्हाइकं एकाच पदार्थासाठी येतात: सामग्येतांग, म्हणजे जिनसेंग घातलेलं कोंबडीचं सूप. बाहेर अंगाची लाही होत असताना समोर येतं ते जाड मातीच्या भांड्यात रटरटणारं. चुलीवरून उतरलं तरी त्याचे बुडबुडे बराच वेळ थांबत नाहीत.

रश्श्यात अख्खी कोंबडी बसलेली असते. जेमतेम महिना-दीड महिन्याची, एका माणसापुरती. तिच्या तंगड्या एकमेकींत अडकवलेल्या असतात. कातड्याला बारीक चीर देऊन एक तंगडी तिच्यात खोचली, की पोटातलं सारण बाहेर येत नाही. सुईदोरा लागत नाही. चॉपस्टिकने तंगडी ओढायची, की मांस हाडावरून आपसूक सुटतं आणि पोटातून वाफाळता भात बाहेर येतो. हा चिकट तांदूळ. त्याच्या स्टार्चमध्ये अमायलोज जवळपास नसतंच, म्हणून तो मोकळा होत नाही, रश्श्यात मिसळून त्याला दाट करतो. सोबत लसूण, लाल बोरांसारखे खजूरवजा जुजुबे आणि जिनसेंगचं एक मूळ. जुजुबे सुपातलं विष शोषून घेतात, म्हणून ते खाऊ नयेत, असं तिथली काही मंडळी सांगतात. त्यात तथ्य नाही, खुशाल खावेत. रस्सा मुद्दाम अळणी ठेवतात. मिठाची वाटी बाजूला असते, ज्याने त्याने आपल्या जिभेचं बघावं. तोंडी लावायला मुळ्याची तिखट किमची, आणि बऱ्याच ठिकाणी जिनसेंगच्या दारूचा इवलासा पेलाही.

मला सगळ्यात चकित करतं ते ते मूळ. कोंबडी महिन्याभरात तयार होते, पण जिनसेंगला चार वर्षं लागतात, उत्तम प्रतीच्या मुळाला सहा. मुळात ही जंगलाच्या सावलीतली वनस्पती, थेट ऊन लागलं की पानं करपतात. म्हणून गुमसान भागात शेतंच्या शेतं तिरक्या, काळ्या छपरांखाली झाकलेली दिसतात. गुमसानच्या या शेतीपद्धतीला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१८ मध्ये जागतिक कृषी वारसा म्हणून मान्यता दिली. दरवर्षी खोड वाळून गळतं आणि मुळाच्या मानेवर एक वण राहतो. वण मोजले की वय कळतं. पूर्वी रश्श्यात वाळल्या जिनसेंगची पूड घालत. फ्रिज घरोघरी आल्यावर ताजं मूळ अख्खंच्या अख्खं भांड्यात पडू लागलं. आज परंपरा म्हणून मिरवणारं हे रूप तसं अलीकडचंच.

पण खायचं कधी, हे मात्र जुनं पंचांग ठरवतं. चिनी परंपरेतल्या दहा दिवसांच्या चक्रात ‘ग्योंग’ नावाचा दिवस येतो. दक्षिणायन सुरू झाल्यानंतरचा तिसरा ग्योंग म्हणजे छोबोक, चौथा जुंगबोक आणि शरदाच्या आरंभानंतरचा पहिला मालबोक. २०२४ साली हे दिवस १५ जुलै, २५ जुलै आणि १४ ऑगस्टला आले. आपल्याकडे त्या वर्षी ४ ऑगस्टला गटारी उरकून मंडळी श्रावण पाळायला लागली होती, आणि तिकडे मालबोकला कोंबडीसाठी रांगा!

उकाड्यावर उतारा म्हणून उकळतं सूप का? कोरियन लोकांचं उत्तर ठरलेलं आहे: उष्णतेवर उष्णतेनेच मात करायची. हे अगदीच खुळचट नाही. कॅनडातल्या ओटावा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ मध्ये सायकल चालवणाऱ्यांना ५० अंशांचं गरम पाणी पाजलं, तेव्हा त्यांच्या शरीरात साठलेली उष्णता कमी भरली. गरम पाण्याने जास्त घाम सुटला, आणि तो वाळताना त्याने पाण्यातून आलेल्या उष्णतेपेक्षा जास्त उष्णता बाहेर नेली. अट एकच, घाम वाळला पाहिजे. सोलची जुलै-ऑगस्टमधली हवा दमट, तिथे घाम वाळण्याऐवजी नुसता निथळतो. तेव्हा हे शास्त्र लागू पडायचं, तर सूप एसीखाली बसूनच प्यावं.