कार्ट तशीच ठेवा, पेठेत या

संध्याकाळी सातनंतर पुण्यातल्या कुठल्याही मोठ्या सोसायटीच्या फाटकाशी थोडा वेळ उभं राहिलं, की आपली खरेदी किती बदलली आहे ते कळतं. टेबलाखाली खाकी खोक्यांची चळत, वॉचमनच्या वहीत फ्लॅटचे नंबर आणि गाडी बंद न करताच पुढच्या पत्त्यावर निघणारी पोरं. या खोक्यांत गरजेचं सामान असतंच. पण पार्सल हातात आल्यावर आपण नेमकं काय मागवलं होतं ते आठवत नाही, असंही पुष्कळ घरांत होऊ लागलं आहे. खोकं दोन-दोन दिवस तसंच चपलांच्या स्टँडवर पडून राहतं. वस्तूची खरंच ओढ असती, तर हे झालं नसतं. मग ओढ होती कशाची?

मेंदूच्या अभ्यासातून याचं एक चांगलं उत्तर मिळतं. वोल्फ्राम शुल्ट्झ या शास्त्रज्ञाचे माकडांवरचे प्रयोग प्रसिद्ध आहेत. त्यांचे महत्त्वाचे निष्कर्ष १९९० च्या दशकात पुढे आले. आधी एक खूण दिसायची, मग माकडाच्या तोंडात रसाचे थेंब पडायचे. सुरुवातीला रस मिळाला की डोपामिन सोडणाऱ्या पेशी उसळायच्या. हा क्रम माकडाच्या अंगवळणी पडला, तशा त्या खूण दिसताक्षणीच उसळू लागल्या आणि प्रत्यक्ष रसाच्या वेळी शांत राहिल्या. माणसाचं मन याहून कितीतरी गुंतागुंतीचं आहे. तरी ‘ऑर्डर निघाली’, ‘शहरात पोहोचली’, ‘आज येणार’ हे वाचताना जी हुरहुर वाटते आणि खोकं फोडल्यावर जी विरून जाते, तिचा उलगडा यात बराचसा होतो. चटक लागते ती चाहुलीची. वस्तू हा तिचा शेवट असतो.

पूर्वी महिन्याच्या वाणसामानाची यादी व्हायची. वर मधोमध ‘श्री’, खाली तूरडाळ, पोहे, साबण, उदबत्ती. यादी वाण्याकडे गेल्यावर जे आठवायचं ते पुढच्या खेपेपर्यंत थांबायचं आणि बऱ्याचदा त्यावाचून काही अडायचंही नाही. त्या दिवसांचे गोडवे मी गाणार नाही. त्या यादीत घरातल्या बाईला स्वतःसाठी एक ओळ लिहायची मुभा क्वचितच असे. आज ती स्वतःच्या पैशांनी, कुणाला न विचारता साडी मागवते, ही मोठी गोष्ट आहे. जिना उतरता न येणाऱ्या आजोबांना औषध घरपोच मिळतं, हीसुद्धा. पण त्या यादीमुळे हवंसं वाटणं आणि विकत घेणं यांच्यामध्ये काही दिवस जायचे. ते दिवस आज उरले नाहीत आणि ते आपोआप नाहीसे झालेले नाहीत.

अमेरिकेत १९९९ मध्ये अ‍ॅमेझॉनने ‘एका क्लिकमध्ये खरेदी’ या पद्धतीचं पेटंट मिळवलं. ते २०१७ पर्यंत टिकलं. गिऱ्हाइकाचा विचार बदलण्याआधी व्यवहार उरकण्याला केवढी किंमत आहे, हे त्यावरून दिसतं. आपल्याकडे २०१६ मध्ये यूपीआय आलं. भाजीवाल्या मावशींचा सुट्ट्या पैशांचा त्रास त्याने मिटवला, ते उत्तमच झालं. पण यूपीआय लाइटवर लहान रकमांना आता पिनसुद्धा लागत नाही. पैसे हातातून जाताना जो बारीकसा चटका बसतो, तो त्याबरोबर गेला. हा चटका काल्पनिक नाही. प्रेलेक आणि सिमेस्टर या दोन संशोधकांनी बास्केटबॉल सामन्याच्या तिकिटांसाठी बोली लावायला लावली. काहींना रोख पैसे द्यायचे होते, काहींना क्रेडिट कार्डाने. २००१ मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. कार्डवाल्यांच्या बोली रोखवाल्यांच्या सुमारे दुप्पट होत्या.

याशिवाय काही चलाख्या असतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला ज्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत अशा १३ प्रकारांची यादी आहे. ‘शेवटचे दोनच शिल्लक’ अशी खोटी घाई लावणं, न विचारता टोपलीत एखादी वस्तू किंवा देणगी सरकवणं, ‘नको’ म्हणणाऱ्याला ओशाळं वाटेल असं बटण ठेवणं, सभासदत्व घेताना एक पायरी आणि सोडताना दहा, शेवटच्या पडद्यावर अचानक वाढलेली रक्कम. हे सगळं आता अनुचित व्यापारी प्रथेत मोडतं आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते. आपल्याकडून फार खरेदी होते म्हणून स्वतःला दूषणं देणाऱ्यांनी ही यादी जरूर वाचावी. समोर किती तयारीचा गडी आहे, हे तरी कळेल.

म्हणूनच मनोनिग्रहाच्या उपदेशाने फारसं साधत नाही. अ‍ॅप काढून टाकलं तरी रात्री साडेआठची वेळ रोज येतेच. जेवण झालेलं असतं, मान दुखत असते, मालिका संपलेली असते आणि बोटं फोनकडे वळतात. त्या वेळेला दुसरं काही द्यावं लागतं. चाहूल लागेल, अनपेक्षित काही समोर येईल, पण विकत काहीच घ्यावं लागणार नाही, असं काहीतरी. माझं ठाम मत आहे, की असं ठिकाण आपल्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावरच असतं आणि खरेदीच्या नादातच ते दिसेनासं झालेलं असतं.

लक्ष्मी रस्त्याचंच बघा. साड्यांसाठी, सोन्यासाठी इथे आयुष्यभर येणाऱ्या किती जणांनी दुकानांच्या पाट्यांपलीकडे पाहिलं असेल? तुळशीबागेत पिना, टिकल्या आणि भातुकलीची पितळी भांडी घेताना ज्या मंदिराच्या अंगणात हा बाजार भरला, ते राममंदिर पाहायचं राहून जातं. सरसुभेदार नारो आप्पाजी खिरे तुळशीबागवाले यांनी पेशवाईत ते उभारलं. मंडईत आपण मेथीची जुडी निवडतो ती १८८६ च्या इमारतीखाली. तिला आधी गव्हर्नर लॉर्ड रे यांचं नाव होतं. या बांधकामावरच्या खर्चाला जोतीराव फुल्यांनी विरोध केला होता. पैसा शिक्षणावर खर्च व्हावा, असं त्यांचं म्हणणं. पुढे आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने त्याच मंडईला फुल्यांचं नाव मिळालं.

तिथून फरासखान्याजवळच्या बाहुलीच्या हौदापर्यंत चालत जायला फार वेळ लागत नाही. शस्त्रवैद्य आणि सत्यशोधक डॉ. विश्राम रामजी घोले यांची मुलगी काशीबाई, लाडाने बाहुली, लहानपणीच वारली. तिच्या स्मरणार्थ त्यांनी हा हौद बांधला आणि सगळ्या जातींसाठी खुला ठेवला. त्याआधी, १८६८ मध्ये, जोतीरावांनी गंज पेठेतल्या आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना मोकळा केला होता. पाण्यावरून माणसांची पायरी ठरत होती त्या शहरात ही दोन ठिकाणं आहेत. आणि या पेठांतल्या हौदांचं पाणी तरी आलं कुठून? नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकाच्या मध्यात कात्रजला तलाव बांधला आणि जमिनीखालच्या नळातून, केवळ उताराच्या जोरावर, पाणी शनिवारवाड्यापर्यंत आणलं. वाटेतले हौद त्यावर भरत. फडके हौद हा आज बहुतेकांसाठी नुसता चौक आहे. तिथून जाताना पायाखालच्या त्या वाहत्या पाण्याची आठवण झाली, तर सिग्नल सुटायची वाट पाहणंही जड जात नाही.

मला सर्वांत जास्त वेळ थांबावंसं वाटतं ते कसबा पेठेतल्या तांबट आळीत. गल्लीत शिरायच्या आधीच ठोक्यांचा आवाज येतो. त्वष्टा कासार समाजाची ही घरं पेशवाईपासून तांब्या-पितळेचं काम करत आली आहेत. तांब्याच्या पत्र्यावर हातोडीचे एकसारखे ठोके देऊन जे चकाकणारे ठिपके उमटवतात, त्याला माठारकाम म्हणतात. त्याने पत्रा टणक होतो आणि भांडं देखणं दिसतं. एका घंगाळाच्या पोटावर असे किती ठोके बसतात ते उभं राहून पाहिलं, की तयार वस्तूची किंमत आपल्या डोक्यात वेगळ्या रीतीने बसते. ऑनलाइन तांब्याची बाटली घेताना आपण फक्त सवलतीचा आकडा पाहतो. इथे त्यामागचा खांदा दिसतो.

कल्हईसुद्धा अशीच पाहण्यासारखी. पितळी पातेलं भट्टीवर तापवतात, त्यात नवसागराची पूड टाकतात, पांढऱ्या धुराचा लोट उठतो आणि कथलाचा तुकडा फिरवून कापसाच्या बोळ्याने पुसलं, की काळवंडलेलं पोट चांदीसारखं होतं. पितळ आणि आंबट आमटी यांच्यामध्ये तो कथलाचा पातळ थर असतो. काही महिन्यांनी तो झिजतो आणि पुन्हा चढवता येतो. ज्या घरातलं आजीचं पातेलं माळ्यावर पडून आहे आणि जिथे दर दोन वर्षांनी नवं नॉनस्टिक येतं, त्या घराने एकदा ते पातेलं खाली काढून पाहावं.

दुरुस्ती करणारी ही माणसं प्रत्येक भागात अजून आहेत; फक्त मोबाइलच्या नकाशावर ठळक दिसत नाहीत. जिन्याखाली बसून फॉल-पिको करणाऱ्या ताई, मिक्सरच्या पात्यांना धार लावणारे काका, रफूगर, चपलेचा अंगठा शिवून देणारे, पावसाळ्याच्या तोंडाशी छत्र्यांच्या काड्या बदलणारे. त्यांच्याकडे वस्तू टाकली की ती परत आणायला पुन्हा जावं लागतं आणि त्या दोन फेऱ्यांत ओळख होते. केंद्र सरकारनेही डिसेंबर २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ या नावाचं पोर्टल सुरू केलं, तिथे कंपन्यांनी सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती द्यावी अशी कल्पना आहे. त्याचा उपयोग व्हावाच. पण माझा भरवसा कोपऱ्यावरच्या काकांवर अधिक आहे, कारण ‘यात आता जीव नाही, नवा घ्या’ हेही ते स्पष्ट सांगतात.

वस्तूंवर प्रेम करणं वाईट, असं यातून कुणी समजू नये. बाजीराव रस्त्याजवळचं राजा दिनकर केळकर संग्रहालय हे अशाच प्रेमातून उभं राहिलं. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर केळकरांनी गावोगाव हिंडून अडकित्ते, दिवे, वज्री, दौती, फण्या, कुलपं गोळा केली. लोक मोडीत टाकायला निघालेल्या रोजच्या वापरातल्या वस्तू ते उचलून आणत. अकाली गेलेल्या मुलाचं, राजाचं नाव त्यांनी संग्रहाला दिलं आणि १९७५ मध्ये तो सगळा शासनाच्या स्वाधीन केला. तिथला एखादा अडकित्ता निरखताना कळतं, की सुपारी कातरण्याच्या कामालाही कुणीतरी घोड्याचा, मोराचा घाट दिला होता. जिने तो वापरला तिच्याकडे असे अडकित्ते फार नसणार. जो होता तो तिच्या हाताला ओळखत होता.

‘हे सगळं पेठांतल्यांसाठी ठीक, आम्ही बाणेरला, उंड्रीला राहतो,’ असं म्हणणारे पुष्कळ भेटतील. पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं आली. म्हणजे शहराच्या कडेच्या बहुतेक सोसायट्यांशेजारी एखादं जुनं गावठाण आहे. त्याचं ग्रामदैवत आहे, जत्रेचा दिवस आहे, पार आहे. बाणेरच्या टेकडीवर कातळात कोरलेलं बाणेश्वराचं लेणं आहे. कर्वेनगर म्हणजे जुनं हिंगणे बुद्रुक. धोंडो केशव कर्व्यांनी १८९६ मध्ये सुरू केलेला अनाथ बालिकाश्रम १९०० मध्ये तिथल्या झोपडीत गेला आणि ती झोपडी आजही जपलेली आहे. ज्या मुलींनी तिथे पहिली अक्षरं गिरवली, त्यांच्या वाटेवरून आज हजारो माणसं रोज गाडीने कामावर जातात.

एक गोष्ट मात्र वेगळी काढून सांगायला हवी. कर्ज काढून, घरच्यांपासून लपवून, रडत रडत खरेदी होत असेल, तर चालायला जाणं पुरेसं नाही. अशा अनावर खरेदीची नोंद एमिल क्रेपेलिन या जर्मन मनोविकारतज्ज्ञाने शंभरहून अधिक वर्षांपूर्वी केली होती. मनोविकारतज्ज्ञाकडे जाण्यात कमीपणा नाही. टेलीमानस या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

बाकी आपल्यासारख्यांनी ती जुनी यादी परत आणावी. हवीशी वाटलेली वस्तू कागदावर लिहायची, पुढे तारीख टाकायची आणि महिनाअखेरीस यादी घेऊन शक्यतो पायी दुकानात जायचं. पैसे रोख न्यायचे. तोवर काही नावं आपणहून खोडली जातात. काही उरतात, ती निवांतपणे, हात लावून, दुकानदाराशी बोलून घेता येतात. अशा खरेदीचा आनंद टिकतो.

पण पायी जायचं तर पाय ठेवायला जागा हवी आणि इथे प्रश्न आपल्या एकट्याच्या सवयीपुरता राहत नाही. फूटपाथवर लावलेल्या दुचाकी, उघडी चेंबरं, मध्येच संपणारा रस्ता यांमुळे सत्तरीच्या आजी कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतही जात नाहीत. त्यांच्यासाठी नातवाने फोनवरून मागवणं हाच सोपा मार्ग उरतो. पुणे महापालिका २०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन पाळत आली आहे. त्या दिवशी लक्ष्मी रस्त्याचा एक भाग वाहनांना बंद असतो आणि माणसं रस्त्याच्या मधोमध चालतात. हे एका दिवसापुरतं आणि एका रस्त्यापुरतं का राहावं? महापालिका अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून प्रभागातली लहान कामं मागवते, ही पद्धत पुण्यात २००६ पासून आहे. आपल्या घरापासून मंडईपर्यंत, गावठाणातल्या पारापर्यंत किंवा मिक्सरवाल्या काकांपर्यंतचा फूटपाथ त्या अर्जात नावानिशी लिहिता येतो. अर्ज क्षेत्रीय कार्यालयात द्यायचा असतो.