दोनदा बाहेर आलेला पिता

दया म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे सहसा एक चित्र उभे राहते : देणारा वर, घेणारा खाली. ख्रिस्ती अध्यात्मातील ईश्वरी दयेची कल्पना या चित्राहून निराळी आहे.

लूककृत शुभवर्तमानाच्या 15 व्या अध्यायातील उधळ्या पुत्राचा दाखला पुष्कळांना ठाऊक असेल. आपली वाटणी घेऊन दूरदेशी गेलेला धाकटा मुलगा सर्व उधळतो आणि डुकरे राखण्याची पाळी आल्यावर घरची वाट धरतो. निदान चाकर म्हणून तरी ठेवून घ्या, असे विनवायचे त्याने मनाशी ठरविलेले असते. पण बाप त्याला दुरूनच पाहतो, धावत जाऊन गळ्याशी धरतो आणि त्याच्यासाठी उंची झगा, अंगठी व जोडे आणवितो. बापाने त्याला भीक घातली नाही. त्याचे गमावलेले पुत्रपण परत दिले.

मात्र दाखला येथे संपत नाही. शेतावरून आलेला थोरला मुलगा रागावून बाहेरच उभा राहतो. इतकी वर्षे राबणाऱ्याला साधे करडू नाही आणि उधळ्यासाठी पोसलेले वासरू कापायचे, हा कोठला न्याय? तक्रार गैरवाजवी नाही. बाप त्याच्यासाठीही बाहेर येतो व त्याची समजूत घालतो. जे माझे ते तुझेच, असे सांगून तो थोरल्याचा हक्क मान्य करतो. म्हणजे न्याय मोडला नाही. पण तुटलेले नाते जोडण्याचे जे काम एकट्या न्यायाला साधले नसते, ते दयेने केले.

जुन्या करारात दयेसाठी येणारा ‘रहमीम’ हा हिब्रू शब्द गर्भाशयवाचक ‘रेहेम’ या शब्दाशी निगडित आहे. विठ्ठलाला माउली म्हणणाऱ्या मराठी मनाला हा संबंध परका वाटू नये. पोप दुसरे जॉन पॉल यांनी ईश्वरी दयेवरील आपल्या 1980 च्या परिपत्रकात याच दाखल्याचे विस्ताराने विवेचन केले आहे.

त्यांनीच 2000 साली संतपद बहाल केलेल्या पोलंडच्या सिस्टर फॉस्टिना कोवाल्स्का (1905-1938) यांचे शालेय शिक्षण जेमतेम तीन वर्षांचे. मठात त्यांनी स्वयंपाकघर, बाग आणि दार सांभाळले. एका थंड, पावसाळी दिवशी दाराशी आलेल्या अनवाणी तरुणाला त्यांनी उरलेले सूप गरम करून, त्यात पाव कुस्करून दिले. तो तरुण म्हणजे प्रत्यक्ष येशू होता, अशी त्यांची श्रद्धा त्यांच्या दैनंदिनीत नमूद आहे. कृती, शब्द आणि प्रार्थना हे दया करण्याचे तीन मार्ग त्यांनी त्याच दैनंदिनीत सांगितले. ईश्वराकडून मिळालेली दया पुढे दिली पाहिजे, हा त्यातील आशय.

थोरला मुलगा अखेर घरात गेला की नाही, हे दाखल्यात सांगितलेले नाही. नियमाने वागणारे, मेहनतीने गुण मिळविणारे आपण बहुतेक त्याच्याच जागी उभे असतो. घसरलेल्या सोबत्याचे स्वागत होताना आपल्याला आनंद होतो की हिशेब आठवतो? दाखल्याचा तो अपुरा शेवट प्रत्येकाने आपल्या वागण्यानेच पुरा करावयाचा आहे.