पेट्रोलची धार

अमेरिकेत १९४७ ते १९५२ या काळात तयार झालेल्या ‘फोर्ड ८-एन’ ट्रॅक्टरास पेट्रोलचा पंप नाही. टाकीतील पेट्रोल स्वतःच्या भारानेच कार्ब्युरेटरमध्ये उतरते. असा ट्रॅक्टर ऐन नांगरटीत थोडा वेळ चालून बंद पडू लागला, तरी कार्ब्युरेटर खोलण्याची घाई करू नये. इंजिन निवू द्यावे, विस्तव दूर ठेवावा व खाली भांडे धरून कार्ब्युरेटरच्या तळाचे बूच काढावे. धार आरंभापासूनच बारीक असेल, तर टाकीखालच्या गाळपात्रातील किंवा कार्ब्युरेटरच्या मुखाशी असलेल्या जाळीत गंज साचला असावा. धार प्रथम जोमदार असून हळूहळू मंदावली, तर टाकीचे झाकण सैल करावे. धार पूर्ववत झाल्यास झाकणाचे सूक्ष्म छिद्र बुजले आहे, असे समजावे. हवा आत शिरल्यावाचून पेट्रोल खाली उतरत नाही.